लेन्स देऊन जुनी आवृत्ती घ्यायची आहे? आधी एवढं करा

दिवाळी-भाऊबीज आटोपली की आमच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. दिवसा मंडई, कुठे शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि रात्रभर नाटक. आम्हा फोटोवाल्यांचा हंगामही तिथूनच सुरू होतो, मागोमाग लग्नं येतात. याच दिवसांत दरवर्षी एखादा पोरगा स्टुडिओत येतो, बॅगेतून लेन्स काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, ही देऊन जुनीवाली घेऊ का? जुना माल मजबूत रायते म्हणते."

यंदा आला तो तळोधीकडचा. कॅनन २०० डी बॉडी आणि त्यावर ५० एमएम एफ १.८ ची एसटीएम, म्हणजे नव्या शांत मोटरची, लेन्स. कोणीतरी त्याला याच लेन्सची सगळ्यात पहिली, १९८७ साली निघालेली आवृत्ती दाखवली होती. धातूचं माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी मागची कडी), वर अंतर दाखवणारी खिडकी, हातात घेतली की भारदस्त वाटणारी. समोरचा म्हणत होता, तुझी दे, माझी घे, वर थोडे पैसेही देतो. पोराचं मन बसलं होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून हो ऐकायचं होतं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काही कामं करून ये म्हणून सांगितलं. तीच कामं इथे लिहितो, कारण नव्याने या धंद्यात आलेल्या प्रत्येकाला ती लागतात. नवी लेन्स घेताना आपण मॉडेल घेतो, जुनी घेताना नग घेतो. मॉडेलची कितीही तारीफ ऐकली असली तरी हातात आलेला तो एक नग किती पावसाळे कपाटात पडून होता, कितीदा पडला, कोणी उघडला, हे ती तारीफ सांगत नाही. त्यामुळे प्रश्न दोन आहेत. ही आवृत्ती माझ्या कामाची आहे का? आणि हा नग घेण्यालायक आहे का? पहिल्याचं उत्तर घरी बसून मिळतं, दुसऱ्यासाठी लेन्स हातात घ्यावी लागते. दोन्हीकडे हो आलं तरच अदलाबदल करा.

आधी बॉडी बघा

लेन्स बॉडीवर लागली म्हणजे ती चालते असं नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण इथेच बरेच सौदे संपतात.

कॅननच्या ईएफ लेन्समध्ये (वरची ५० एमएम त्यातलीच) फोकसची मोटर १९८७ पासून लेन्सच्याच पोटात आहे. म्हणून जुनी ईएफ लेन्स आजच्या ईओएस डीएसएलआरवर लागते आणि ऑटोफोकसही करते. आर मालिकेची मिररलेस बॉडी असेल तर मध्ये ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावायचा, ऑटोफोकस तरीही चालतो. हे झालं कॅननच्या स्वतःच्या लेन्सचं. रिळाच्या काळातल्या काही सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीला लावल्या तर अपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) पूर्ण उघडं असेपर्यंत फोटो येतो, ते लहान केलं की एरर येतो. दुकानात आपण नेमकं उघड्या अपर्चरवर बघतो आणि फसतो.

निकॉनवाल्यांनी याहून जास्त सावध राहायचं. ५० एमएम एफ १.८ डी ही जुनी लेन्स छोटी, स्वस्त आणि चांगली आहे, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. बॉडीतली मोटर एक छोटा दांडा फिरवते आणि त्यावर लेन्सचा फोकस हलतो. डी ७२००, डी ७५००, डी ७५० या बॉडींमध्ये ती मोटर आहे. डी ३५०० आणि डी ५६०० मध्ये नाही. म्हणजे डी ५६०० वाल्याने २०११ ची, मोटर असलेली 'जी' (G) आवृत्ती देऊन 'डी' घेतली, तर त्याला सगळा फोकस हाताने करावा लागेल. अक्षता पडताना ते जमत नाही. निकॉनच्या झेड बॉडीवरही तेच, कारण त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही.

डी लेन्सला अपर्चरची रिंग असते. ती शेवटच्या, सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे ५० एमएमवर २२ वर नेऊन लॉक करायची असते. तसं केलं नाही तर बॉडीच्या स्क्रीनवर एफईई अशी अक्षरं येतात आणि शटर दबत नाही. हे माहीत नसल्याने धडधाकट लेन्स बिघडलेली समजून परत करणारे पाहिले आहेत.

मागच्या हंगामाचे फोटो उघडा

आता वही घ्या. कॉम्प्युटरवर मागच्या हंगामाचे, ग्राहकाला दिलेले फोटो उघडा, म्हणजे जे कामी आले तेच. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघितलं की लेन्स, अपर्चर, शटर स्पीड, आयएसओ सगळं दिसतं. शंभर-दीडशे फोटोंचं लिहून काढा. किती फोटो एफ १.८ ते २.८ मध्ये आहेत? किती ५.६ च्या पुढे? झूम असेल तर कोणत्या टोकाला जास्त वापरला? आणि या लेन्सवर व्हिडिओ किती काढला?

कंटाळवाणं काम आहे. मला स्वतःला यातूनच जास्त शिकायला मिळालं, म्हणून आग्रह धरतो. आपल्याला वाटतं आपण पोर्ट्रेट काढतो, आणि वही सांगते की निम्मे फोटो मांडवातल्या गर्दीचे आहेत.

तळोधीच्या पोराने दोन संध्याकाळी बसून लिहून आणलं. त्याचे बहुतेक फोटो रात्रीच्या नाटकांचे होते, एफ २ ते २.८ वर. पण त्याच लेन्सवर त्याने हळदीचे आणि वरातीचे कितीतरी व्हिडिओही काढले होते. ते तो येताना बोललाच नव्हता, त्याच्या लेखी तो फोटोवाला होता. हे दोन आकडे समोर आल्यावर पुढचा विचार सोपा झाला.

कागदावर फरक मांडा

दोन आवृत्त्यांची माहिती शेजारी-शेजारी लिहा, आणि प्रत्येक फरकापुढे आपल्या वहीतलं एक काम लिहा. ज्या फरकापुढे काम लिहिता येत नाही तो फरक खोडा.

कॅननच्या ५० एमएम एफ १.८ चं बघू, कारण आपल्याकडे नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांकडे हीच असते. पहिली आवृत्ती १९८७ ची, दुसरी १९९० ची, एसटीएम २०१५ ची. तिन्हींमध्ये काचेची मांडणी जवळपास तीच आहे, पाच गटांत सहा काचा. जुनी लेन्स चित्र वेगळं देते, तिच्यात जादू आहे, असं सांगणारे भेटतील. या लेन्सच्या बाबतीत तसं काही नाही. काचेवरचं कोटिंग एसटीएममध्ये नवं आहे, त्यामुळे समोरून लाइट आला तर ती थोडी बरी सांभाळते. नाटकात पार लाइट (रंगमंचावरचे मोठे दिवे) थेट लेन्समध्ये घुसतात, तिथे हा फरक दिसतो.

खरा फरक शरीरात आहे. पहिलीचं माउंट धातूचं, वजन १९० ग्रॅम, फोकस रिंग रुंद आणि वर अंतराची खिडकी. दुसरी १३० ग्रॅमची, माउंट प्लास्टिकचं, खिडकी गेली, फोकस रिंग अगदी पुढे आणि बारीक. एसटीएमला माउंट पुन्हा धातूचं आलं, वजन १६० ग्रॅम. म्हणजे 'जुनी म्हणजे धातूची' हे फक्त पहिलीला लागू आहे. दुसरी जुनी असूनही या तिघींत नाजूक तीच. ती पडली की पुढचा भाग निखळून हातात येतो. नवी एसटीएम देऊन १९९० वाली घ्यायचा विचार असेल तर मी सरळ नको म्हणेन.

अपर्चरच्या पात्या जुन्या दोघींना पाच, एसटीएमला सात. एफ २.८ च्या आसपास मागच्या लाइटिंगच्या माळांचे ठिपके जुन्यांत पंचकोनी दिसतात, एसटीएममध्ये गोलाकडे झुकतात. जवळात जवळचा फोकस जुन्यांचा ४५ सेंटिमीटर, एसटीएमचा ३५. मेंदीच्या हाताचा, जोडव्यांचा फोटो काढणाऱ्याला हे दहा सेंटिमीटर रोज लागतात. फिल्टरचा आकारही ५२ वरून ४९ झाला आहे, म्हणजे असलेले फिल्टर जुनीला लागणार नाहीत.

आणि मोटर. जुन्या दोघींची मोटर फोकस करताना घरघरते. फोटोत त्याने काही बिघडत नाही. व्हिडिओत कॅमेऱ्याच्या माइकमध्ये ती घरघर उतरते, हळदीची गाणी चालू असतानाही मध्येच ऐकू येते, आणि फोकस सरकत न जाता धक्क्याने जातो. एसटीएम बऱ्यापैकी शांत आणि सलग फोकस करते. २०० डी सारख्या ड्युअल पिक्सेल (व्हिडिओतही झटपट फोकस करणाऱ्या) बॉडीवर तर हा फरक पहिल्या मिनिटातच कळतो.

मग पहिल्या आवृत्तीत घेण्यासारखं काय आहे? ती खिडकी. आणि हे मी मनापासून सांगतो, कारण मी ती नाटकात वापरली आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या याच भागाच्या, नाटकात मध्येच पूर्ण अंधार करतात, मग एकदम लाल किंवा निळा लाइट पडतो आणि त्याच क्षणी नटाचा चेहरा हवा असतो. अशा लाइटमध्ये ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो आणि क्षण जातो. मी पहिल्या प्रवेशाआधीच माझ्या जागेवरून रंगमंचाच्या मध्यापर्यंत फोकस घ्यायचो, स्विच एमएफवर (हाताने फोकस) करायचो आणि खिडकीतला काटा लक्षात ठेवायचो. नट पुढे आला की रिंग थोडी एका बाजूला, मागे गेला की दुसऱ्या. अंधारात बोटांना ते कळतं. एसटीएमवर हे जमत नाही. तिची फोकस रिंग विजेवर चालते, कुठेही अडत नाही, गोल फिरतच राहते, आणि कॅमेरा बंद असला तर फोकस हलतच नाही. मात्र एक लक्षात ठेवा, क्रॉप (२०० डी सारख्या लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५० एमएमला, पाच मीटरवर, एफ २.८ ला जेमतेम मीटरभर जागा फोकसमध्ये राहते. दोन पावलं नट हलला की रिंग हलवावीच लागते.

म्हणजे त्या पोराच्या बाबतीत रात्रीच्या नाटकाला खिडकीवाली उपयोगी आणि हळदीच्या व्हिडिओला एसटीएम. आणि घर चालतं ते लग्नावर. मी त्याला म्हटलं, "ही देऊ नको. नाटकासाठी ती वेगळी घेता आली तर बघ." त्याने तेच केलं. अदलाबदल करायची नाही, असंही उत्तर या वहीतून येऊ शकतं.

झूम असेल तर

ताडोबा, घोडाझरी, नाहीतर आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर हिवाळ्यात येणारे पक्षी काढणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न कॅननच्या १००-४०० एमएमचा असतो. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २०१४ ची. दुसरी विकून पहिली घेतली तर हातात बरेच पैसे मोकळे होतात, त्यात एखादी बॉडी बसते. मोह पडण्यासारखाच सौदा आहे.

पहिलीचा झूम ढकल-ओढीचा आहे. नळी पुढे ढकलली की ४००, मागे ओढली की १००. सवय झाली की उडत्या पक्ष्यावर हा झूम फिरवण्याच्या झूमपेक्षा लवकर चालतो. पण नळी आत-बाहेर होताना हवा ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. दुसरीची नळीही बाहेर येते, तिच्यातही धूळ जाते, पण पहिलीचा झटका मोठा आणि वेगवान. एप्रिल-मे महिन्यात जिप्सीच्या मागे बसून, पुढच्या जिप्सीची धूळ खात दहा सफाऱ्या केल्या की आत कण दिसू लागतात.

स्टॅबिलायझरचा (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब नीट समजून घ्या. पहिलीचा साधारण दोन स्टॉपचा, दुसरीचा चार. एक स्टॉप म्हणजे शटर स्पीड निम्म्यावर आणता येणं. क्रॉप बॉडीवर ४०० एमएम हाताने धरायचा तर ठोकताळ्याने १/६४० चा शटर स्पीड हवा. दोन स्टॉप मिळाले तर १/१६० पर्यंत उतरता येतं, चार मिळाले तर १/४० पर्यंत. पहाटे सावलीत बसलेल्या वाघाला हा फरक फार मोठा आहे. उडणाऱ्या चक्रवाकाला शून्य आहे, कारण तिथे पक्षी गोठवायला १/१६०० च्या पुढेच जावं लागतं आणि स्टॅबिलायझर समोरच्याची हालचाल थांबवत नाही. तुमच्या वहीत बसलेले प्राणी जास्त की उडते पक्षी, ते बघा. शिवाय पहिली ट्रायपॉडवर लावली की स्टॅबिलायझर बंद करायचा, नाहीतर तोच चित्र हलवतो.

जवळचा फोकस पहिलीचा १.८ मीटर, दुसरीचा ९८ सेंटिमीटर. फुलपाखरं, चतुर काढणाऱ्याने दुसरी सोडू नये. वजनात पहिली हलकी, १३८० ग्रॅम, दुसरी ट्रायपॉडच्या कॉलरसकट १६४०. फिल्टर दोन्हींना ७७ चाच. दुसरी ४०० ला उघड्या अपर्चरवर जास्त धारदार आहे, यात वाद नाही. पण चित्र मऊ येतंय म्हणून पहिलीला दोष देण्याआधी पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एक फोटो घ्या.

नग हातात घ्या

इथे घाई करायची नाही. विकणाऱ्याला आधीच सांगा, मला अर्धा तास लागेल. जो नको म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. सोबत टॉर्च (मोबाइलचाही चालेल), ब्लोअर, आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड ठेवा.

काचेपासून सुरुवात करा. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, काच ब्लोअरने साफ करा. टॉर्च मागच्या काचेकडून तिरपा धरा आणि पुढून आत बघा, सरळ नाही, थोडं बाजूने. मग उलट करा. अंधाऱ्या कोपऱ्यात केलं तर जास्त चांगलं दिसतं. आत पांढरे सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. जुन्या लेन्समध्ये धूळ असतेच, थोड्या कणांनी फोटोत काही दिसत नाही, त्यावरून सौदा मोडू नका. पण कडेकडून आत शिरणारे बारीक धागे दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले, किंवा बारक्या मुळांचा पुंजका दिसला, तर ती बुरशी. आपल्याकडे चार महिने हवा दमट असते, त्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालून कपड्यांच्या कपाटात ठेवली की बुरशी धरणारच. ती कोटिंग खाते. लेन्स साफ केली तरी खाल्लेल्या कोटिंगचा डाग राहतो. विकणारा म्हणतो, "थोडंसंच आहे न भाऊ, फोटोत येत नाही." आज येत नसेल. बुरशीची लेन्स मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

तिसरी गोष्ट धुकं. ठिपके नाहीत, धागे नाहीत, पण टॉर्चच्या उजेडात एखादी काच दुधाळ दिसते, आरशावर श्वास सोडल्यासारखी. उन्हात काढलेल्या फोटोत हे कळतही नाही. रात्रीच्या नाटकात, समोर लाइट असताना, काळे भाग करडे होतात आणि सगळं फिकट येतं. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा त्यापेक्षा परवडला. मागच्या काचेवर मात्र ओरखडा नको.

मग अपर्चर, आणि इथे मी स्वतः फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून जुनी झूम लेन्स घेतली. काउंटरवर लावून बघितली, दुकानात उजेड कमी म्हणून अपर्चर उघडंच होतं, फोटो सुरेख आले. दोन दिवसांनी शंकरपटाची ऑर्डर होती. भर दुपारचं ऊन, बैलजोड्या सुटायची वेळ, मी एफ ८ लावलं आणि पहिल्याच क्लिकला एरर ०१. बॅटरी काढून घातली, कॉन्टॅक्ट पुसले, पुन्हा तेच. एफ ४ ला फोटो येत होता, त्यापुढे नाही. तो पट मी उघड्या अपर्चरवरच काढला. लेन्समधली अपर्चरची फ्लेक्स केबल तुटलेली निघाली. झूममध्ये ही पट्टी प्रत्येक वेळी वाकते आणि वर्षांनी तुटते. दुकानदाराने हात वर केले. तेव्हापासून माझा नियम आहे, एफ ८ आणि एफ ११ वर, झूमच्या प्रत्येक टप्प्याला, सलग दहा-दहा फोटो काढायचे. एकही एरर नको. सोबत पात्याही बघा. त्यांच्यावर तेलाचा चकाकता थर असेल तर त्या जड चालतात. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं.

आता फोकस. स्टूलवर मोजपट्टी तिरपी ठेवा, मधल्या एखाद्या आकड्यावर फोकस घ्या, उघड्या अपर्चरवर पाच फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठं करून बघा. दरवेळी पुढचा किंवा मागचा आकडा धारदार येत असेल तर फोकस सरकलेला आहे. कॅनन ७० डी, ८० डी, ९० डी अशा बॉडीत मेनूमधून हे जुळवता येतं, निकॉनच्या डी ७५०० मध्येही. १५०० डी, २०० डी, डी ३५००, डी ५६०० मध्ये ती सोय नाही, तेव्हा या बॉडीवाल्यांनी असा नग सोडावा. कधी पुढे कधी मागे येत असेल तर कोणत्याच बॉडीने ते जुळणार नाही.

भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा फिसकटलेला असेल तर आतली काच तिरपी झाली आहे, बहुधा पडून. ती दुरुस्ती आपल्याकडे होत नाही.

बाकीचं झटपट आटोपतं. फिल्टरच्या आट्यांना चेप आहे का, माउंटच्या स्क्रूंची डोकी ओरबाडलेली आहेत का (म्हणजे कोणीतरी उघडली आहे), झूम उभी धरली की आपोआप घसरते का, स्टॅबिलायझर चालू केल्यावर हलका आवाज येतो की खडखड, सगळे स्विच जागेवर टिकतात का. हलवून कानाशी धरा. स्टॅबिलायझरवाली बंद असताना थोडी खुळखुळते, ते चालतं. साध्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्समध्ये खुळखुळ नको.

दोन दिवस वापरायला मागा

ओळखीतला सौदा असेल तर दोघांनी दोन दिवस लेन्स बदलून वापरा, लेखी करून. एक काम उन्हातलं आणि एक रात्रीचं करा, पण ग्राहकाच्या ऑर्डरवर नाही. घरच्या कार्यक्रमात किंवा शेजारच्या गावच्या नाटकात बसून. तुमच्या वहीत ज्या कामाला लेन्स हवी होती तेच काम तिच्याकडून करून घ्या. ज्याच्याशी ओळख नाही आणि जो फक्त फोनवर टोकन मागतो, त्याला रुपयाही पाठवू नका. समोरासमोर, उजेडात, दोघांच्या बॉडीसह भेटा.

पैशाचं

वरचे किती मिळतात तेवढंच बघू नका. तुमच्या नव्या लेन्सची उरलेली वॉरंटी जाते. फिल्टर, हूड वेगळे लागू शकतात. बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात, म्हणून सौदा करण्याआधी नागपूरला दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा, या लेन्सची मोटर, फ्लेक्स केबल मिळते का. मिळत नाही म्हणाला तर ती लेन्स बिघडली की शोभेची वस्तू, असं धरूनच किंमत ठरवा. आणि नागपूरच्या प्रत्येक खेपेला एक दिवस मोडतो. लग्नसराईत तो एक दिवस म्हणजे एक ऑर्डर.

सौदा झाला तर

साध्या कागदावर दोन्ही लेन्सची नावं, सिरियल नंबर, तारीख, वरची रक्कम, दोघांच्या सह्या. मूळ बिल असेल तर त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर समोरच्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. यात कोणाचा अपमान नाही. गावात भाऊ-काका म्हणत व्यवहार होतात आणि नंतर चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात. तुमच्याकडून कागद मागितला तर तुम्हीही आनंदाने द्या.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. सिलिकाचा रंग बदलला की ती तव्यावर मंद आचेवर वाळवा, थंड होऊ द्या आणि परत टाका. शक्य असेल तर छोटं आर्द्रता मोजायचं घड्याळ डब्यात ठेवा, चाळीस ते पन्नास टक्के बरं. आपल्या धानाच्या मुलखात लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. तांदळाची भुकटी आट्यांत आणि झूमच्या नळीत शिरते, आणि ती काढायला लेन्स उघडावी लागते. जुनी लेन्स पहिले दोन आठवडे बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा, रोज थोडी वापरा, आणि दर आठवड्याला टॉर्च लावून तीच काच पुन्हा बघा. पहिल्या दिवशी जे धागे दिसले नव्हते ते पावसाळ्यात दिसू शकतात, म्हणून जून ते सप्टेंबर हे बघणं चालूच ठेवा.